कार्बोमर वापरण्याआधी: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

छोट्या प्रमाणावर क्रीम, सीरम, जेल बनवणाऱ्या मंडळींना कार्बोमरबद्दल, म्हणजे पाण्याचं घट्ट जेल करणाऱ्या पॉलिमरच्या पावडरीबद्दल, दोन प्रश्न हमखास पडतात. एक, ‘हे प्लास्टिकच ना? मग त्वचेला चालतं का?’ दोन, ‘काल छान घट्ट बसलेलं जेल आज पाणी कसं झालं?’ पहिल्याचं उत्तर लोक कुणाच्या तरी व्हिडिओत शोधतात. दुसऱ्याचं उत्तर म्हणून आणखी चिमूटभर पावडर टाकतात. दोन्हीकडे घोळ एकच आहे, तो म्हणजे तपासणीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी जेल बनतं, मग हातावर चोळून पाहिलं जातं, आवडलं तर बाटल्या भरल्या जातात. पुरवठादाराचे कागद शेवटी मागितले जातात, ते आठवलं तर.

योग्य क्रम असा: कागद, हिशेब, साधं जेल, पूर्ण उत्पादन, जंतू आणि सगळ्यात शेवटी त्वचा. सुरुवातीच्या टप्प्यांना फक्त वेळ लागतो, शेवटच्यांना पैसे लागतात. त्यामुळे जे बाद व्हायचं ते आधीच्याच टप्प्यांत झालेलं बरं.

सूचना: हे सगळं अभ्यासासाठी किंवा स्वतःच्या वापरासाठी केलं तर ठीक. एक बाटली जरी विकायची असेल तरी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतःचा कारखाना असेल तर कॉस-८, दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेणार असाल तर कॉस-९ हा लोन लायसन्स. ‘घरगुती’ लिहिल्याने यातून सूट मिळत नाही.

## आधीची तयारी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, ४ आणि ७ च्या बफरवर कॅलिब्रेट केलेला पीएच मीटर, ढवळणी, बारीक चाळणी, झाकणाच्या पारदर्शक काचेच्या बरण्या, गॉगल, हातमोजे आणि एन-९५ मास्क. व्हिस्कोमीटर, म्हणजे घट्टपणा मोजायचं यंत्र, नसेल तर त्या एका चाचणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तो नाही म्हणून बाकीचं काम अडत नाही.

पाण्यात कसूर करू नका. डीएम (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, आणि चवीसाठी खनिजं परत मिसळणारी यंत्रंही बरीच आहेत. बोअरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पॉलिमरचे शत्रू आहेत. पाणी वाईट असेल तर पुढची प्रत्येक चाचणी चुकीचं उत्तर देईल आणि दोष मात्र पावडरीवर जाईल.

कार्बोमरची पावडर अतिशय हलकी असते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात पाकीट उघडं ठेवलं की तिचे खडे होतात. मग तुम्ही मोजलेल्या २ ग्रॅममध्ये पॉलिमर किती आणि पाणी किती, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून गरजेपुरतीच काढा आणि डबा लगेच बंद करा.

धोका: वजन करताना पंखा बंद ठेवा आणि मास्क लावा, ही धूळ श्वासनलिकेला त्रास देते. पावडर फरशीवर सांडली तर ओल्या फडक्याने पुसू नका, फरशी घसरगुंडी होते. कोरडीच गोळा करा. ओली झालीच असेल तर वर मीठ पसरा. जेल तुटतं, मग पुसा.

## टप्पा १: नाव नको, ग्रेड विचारा

लेबलवर ‘कार्बोमर’ एवढंच लिहिलेलं असतं. पण ९४०, ९८०, अल्ट्रेझ १० या वेगवेगळ्या ग्रेड त्या एकाच नावाखाली येतात. सगळ्या म्हणजे अॅक्रिलिक अॅसिडच्या लांब साखळ्या, एकमेकींना आडव्या जोडलेल्या. फरक पडतो तो कारखान्यात त्या कोणत्या द्रावकात बनवल्या यामुळे.

९४० ही ग्रेड पारंपरिकपणे बेंझीनमध्ये बनते. ९८० इथाइल अॅसिटेट आणि सायक्लोहेक्झेनच्या मिश्रणात बनते. ०.५ टक्के जेलचा घट्टपणा दोन्हींचा सारखाच, ४०,००० ते ६०,००० सेंटीपॉइज (घट्टपणाचं एकक). दिसायला सारख्या, हाताला सारख्या. म्हणजे जेल चोळून पाहून या दोघींतला महत्त्वाचा फरक कधीच कळणार नाही. तो फक्त कागदावर कळतो.

पुरवठादाराकडून हे मागा:

1. तुमच्या हातातल्या बॅचचा सीओए, म्हणजे विश्लेषण प्रमाणपत्र. पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे.
2. तांत्रिक माहितीपत्रक. त्यात ०.५ टक्के जेलचा घट्टपणा आणि तो कोणत्या पीएचला मोजला, हे असतं.
3. उरलेल्या द्रावकांची माहिती, ‘मर्यादेत आहे’ अशा शब्दांत नाही, आकड्यात.
4. उरलेल्या अॅक्रिलिक अॅसिडचा आकडा.
5. सुरक्षा माहितीपत्रक. हे कारखान्यातल्या हाताळणीसाठी असतं. त्यात ‘डोळ्यांना त्रासदायक’ लिहिलंय म्हणून क्रीमही त्रासदायक, असा अर्थ काढू नका. उलटाही काढू नका.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन ५० ग्रॅमच्या पारदर्शक पिशवीत ‘कार्बोपोल ९४०’ (कार्बोपोल हे कार्बोमरचं व्यापारी नाव) अशी चिठ्ठी लावून मिळणाऱ्या मालाला यातलं काहीच नसतं. माल खराबच असेल असं नाही. पण जे तपासता येत नाही ते सुरक्षित आहे असंही म्हणता येत नाही. शिकण्यासाठी वापरा, दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी नको.

नेहमीची चूक: एका पॉलिमरचा अहवाल त्याच्या भावंडांना लावणं. सोडियम पॉलिअॅक्रिलेट आधीच उदासीन केलेलं असतं, त्याला अल्कली लागत नाही. अॅक्रिलेट्स क्रॉसपॉलिमर प्रकारात तेलाशी जमवून घेणारा भाग असतो, म्हणून तो थोडंफार इमल्शनही सांभाळतो. पॉलिअॅक्रिलामाइडचा मूळ रेणूच वेगळा, अॅक्रिलामाइड. युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्याची उरलेली मात्रा ०.१ मिग्रॅ प्रति किलोपेक्षा जास्त चालत नाही. नावात ‘अॅक्रिल’ आहे एवढ्यावर नातं जोडू नका.

पुढे जाण्याआधी: ग्रेड, बॅच, द्रावक आणि उरलेला मोनोमर (म्हणजे अॅक्रिलिक अॅसिड), या चारही गोष्टी लिहून ठेवता आल्या का? एकही रिकामी असेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: हिशेब मोठ्या रेणूचा नाही, त्याच्यासोबत आलेल्या लहान रेणूंचा

‘प्लास्टिक त्वचेत शिरतं’ ही भीती इथे बाजूला ठेवता येते. निरोगी त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू सहज जात नाहीत, असा ठोकताळा आहे. कार्बोमर कित्येक लाखांच्या पुढचा. तो वरच बसतो आणि धुतला की जातो. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडिअंट रिव्ह्यूच्या तज्ज्ञ गटाने १९८२ मध्येच कार्बोमर सौंदर्यप्रसाधनांसाठी सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे.

शिरू शकतात ते त्याच्यासोबत आलेले लहान रेणू, म्हणजे उरलेलं अॅक्रिलिक अॅसिड आणि उरलेलं द्रावक. हिशेब त्यांचा करायचा.

अॅक्रिलिक अॅसिडपासून सुरू करू. अमेरिकन औषधसंहितेत कार्बोमरमध्ये ते जास्तीत जास्त ०.२५ टक्के चालतं. वाईटात वाईट परिस्थिती धरा: बॉडी लोशन, कार्बोमर ०.५ टक्के, अशुद्धी पूर्ण ०.२५ टक्के, आणि ती सगळीच्या सगळी त्वचेतून आत गेली. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीच्या मार्गदर्शिकेत बॉडी लोशनचा रोजचा वापर ७.८२ ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे १२३.२ मिग्रॅ धरला आहे.

१२३.२ × ०.००५ × ०.००२५ = ०.००१५४ मिग्रॅ प्रति किलो प्रतिदिन.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अॅक्रिलिक अॅसिडसाठी प्राण्यांवरच्या अभ्यासातून आधाराला घेतलेली, दुष्परिणाम न दिसलेली मात्रा ५३ मिग्रॅ प्रति किलो प्रतिदिन आहे. ५३ भागिले ०.००१५४ म्हणजे सुमारे ३४,०००. याला मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात. किमान १०० हवी असते. इथे चिंता मिटली.

फेस क्रीमसाठी रोजचा वापर १.५४ ग्रॅम धरतात, म्हणजे किलोमागे २४.१४ मिग्रॅ. तो आकडा घालून हाच हिशेब स्वतः करून पाहा. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, आणि एकदा केलं की ‘केमिकल आहे’ आणि ‘नॅचरल आहे’ या दोन्ही घोषणांचं वजन कळतं.

आता बेंझीन. बेंझीनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध आहे. त्याला ‘इतकं चालतं’ अशी मात्रा ठरवता येत नाही, म्हणून वरचं भागाकाराचं गणित त्याला लागू होत नाही. बेंझीनमध्ये बनवलेल्या जुन्या ग्रेडच्या औषधसंहितेतल्या नोंदींत ते ५,००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५,००० भाग) चालत असे. अशा पावडरीचं ०.५ टक्के जेल केलं तर जेलमध्ये २५ पीपीएमपर्यंत बेंझीन येऊ शकतं. औषधांत, तेही टाळताच येत नसेल तेव्हा, आंतरराष्ट्रीय मर्यादा २ पीपीएम आहे. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत बेंझीन घालायला बंदीच आहे. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये औषध कंपन्यांना बेंझीनमधल्या कार्बोमरऐवजी दुसरी ग्रेड वापरण्याबाबत मार्गदर्शन दिलं, ते यामुळेच.

५,००० ही कमाल मर्यादा, प्रत्येक पोत्यात तेवढं असतंच असं नाही. पण ९८० किंवा बेंझीनविरहित दुसरी ग्रेड तेच काम करत असताना या वादात पडायचं कशाला? मी तरी बेंझीनची ग्रेड कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायला सांगणार नाही.

पुढे जाण्याआधी: बेंझीनचा आकडा कागदावर आहे का? ‘आमच्यात नसतं’ हे तोंडी उत्तर धरू नका.

## टप्पा ३: अल्कली आणि प्रिझर्व्हेटिव्ह आधीच ठरवा

कोरडा कार्बोमर पाण्यात टाकला की पीएच साधारण ३ होतो आणि द्रावण पातळच राहतं. अल्कली घातली की साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलतात, पसरतात आणि पाणी धरून बसतात. जेल होतं ते तेव्हा. म्हणजे अल्कली हा तुमच्या उत्पादनाचा भागच आहे, त्यामुळे तिचीही तपासणी आली.

ट्रायइथेनॉलअमाइन, म्हणजे टीईए, वापरायला सोपं असतं. त्याच्यासोबत नायट्रोसअमाइनचा, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेल्या संयुगांचा, प्रश्न येतो. युरोपीय नियमांत अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ते २.५ टक्क्यांपर्यंत चालतं, शुद्धता किमान ९९ टक्के लागते, आणि नायट्रोसअमाइन तयार करू शकणाऱ्या घटकांसोबत ते वापरता येत नाही. ब्रोनोपोल हे प्रिझर्व्हेटिव्ह आणि टीईए एकत्र नको, ते यासाठी.

मला सोडियम हायड्रॉक्साइड बरं वाटतं. हाताळताना धोक्याचं आहे, पण पॉलिमरशी क्रिया झाली की तयार जेलमध्ये वेगळं असं काही मागे राहत नाही. १८ टक्के द्रावण करून ठेवा: ८२ ग्रॅम पाण्यात १८ ग्रॅम.

धोका: सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं पाण्यात टाकायचं. त्यावर पाणी ओतायचं नाही. द्रावण तापतं, त्यामुळे जाड काच किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या. गॉगल न लावता डबा उघडू नका.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही ‘सौम्य’ म्हणून खपणारी प्रिझर्व्हेटिव्ह आम्लात काम करतात. बेंझोइक अॅसिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मंच आम्ल कामाच्या, भाररहित रूपात उरतं तो आकडा) ४.२, सॉर्बिकचा ४.७६. पीएच ५ च्या वर गेला की बेंझोएटचा प्रभाव झपाट्याने संपतो. कार्बोमर जेल मात्र साधारण ५.५ च्या वरच नीट उभं राहतं. वर ही दोन्ही प्रिझर्व्हेटिव्ह क्षार आहेत, म्हणजे जेल पातळ करणारी. दोन्हीकडून तोटा. जेल दिसायला नितळ, आणि आत बुरशीला मोकळं रान.

फिनॉक्सीइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हचं काम पीएचवर इतकं अवलंबून नाही. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. सोबत इथाइलहेक्झिलग्लिसरीन घेतात. ते पुरतं की नाही, हे टप्पा ७ मध्ये ठरेल.

ज्या उत्पादनाचा पीएच ३.५ ठेवणं भाग आहे, उदाहरणार्थ एल-अॅस्कॉर्बिक अॅसिडचं सीरम किंवा ग्लायकोलिक अॅसिडचं लोशन, तिथे कार्बोमरचा विचारच सोडा. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज किंवा झँथन गम पाहा.

## टप्पा ४: साधं जेल

पहिलं जेल फक्त पाणी, कार्बोमर आणि अल्कली यांचं. सुगंध, कोरफड, नायसिनामाइड काहीही नको. पुढे काही बिघडलं तर तुलना करायला हेच हाताशी असतं.

५०० ग्रॅमसाठी:

1. सुमारे ४८० ग्रॅम डीएम पाणी घ्या. ढवळणी अशी चालवा की मध्ये छोटा भोवरा पडेल, पण हवा आत ओढली जाणार नाही.
2. २.५ ग्रॅम कार्बोमर चाळणीतून भोवऱ्याच्या उतारावर हळूहळू भुरभुरा. एकदम ओतला की बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर कशानेच फुटत नाहीत. अल्ट्रेझ १० सारखी आपोआप भिजणारी ग्रेड असेल तर पाण्यावर पसरून तशीच राहू द्या, ती स्वतः खाली बसते.
3. किमान अर्धा तास भिजू द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम. द्रावण एकसारखं, धुरकट आणि पातळ दिसलं पाहिजे.
4. ढवळण्याचा वेग कमी करा. १८ टक्के अल्कली कार्बोमरच्या २.३ पट लागते, म्हणजे इथे ५.७५ ग्रॅम. हा हिशेब साधारण पीएच ७ चा आहे. आधी ४.६ ग्रॅम घाला, थांबा, पीएच मोजा, मग थेंबाथेंबाने वाढवा. सीओएतला घट्टपणा ७.३ ते ७.८ च्या आसपास मोजलेला असेल तर याच जेलचा एक भाग तिथवर न्या.
5. पाण्याने वजन ५०० ग्रॅम करा, झाका आणि २४ तास हलवू नका.

पीएच मोजताना मीटरची काडी जेलमध्ये खुपसून लगेच आकडा वाचू नका. घट्ट जेलमध्ये तो स्थिर व्हायला वेळ लागतो. मोजून झालं की काडी नीट धुवा, नाहीतर पुढचा आकडाही खोटा.

नेहमीची चूक: पीएच ८ च्या पुढे गेला म्हणून सायट्रिक अॅसिड टाकून खाली आणणं. पीएच खाली येतो, पण दरम्यान सोडियम सायट्रेट तयार होतं आणि तो क्षार जेल पातळ करतो. मग घट्ट करायला आणखी कार्बोमर, त्याला आणखी अल्कली. ती बॅच टाकून द्या आणि नवीन करा.

दुसरी चूक: अल्कली घातल्यावर जोरात मिक्सर फिरवणं. जास्त वेगाने साखळ्या तुटतात आणि गेलेला घट्टपणा परत येत नाही. गुठळ्या मोडायच्या त्या अल्कलीच्या आधी.

## टप्पा ५: काम करतं का, ते मोजा

प्रयोगशाळेत घट्टपणा मोजून घेताना ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरच्या स्पिंडलचा (फिरणाऱ्या काडीचा) क्रमांक, दर मिनिटाचे फेरे आणि तापमान लिहून मागा. कार्बोमर जेल ढवळलं की पातळ होतं, त्यामुळे २० फेऱ्यांना आलेला आकडा आणि ५ फेऱ्यांना आलेला आकडा यांची तुलनाच होत नाही. नुसतं ‘४५,०००’ म्हणजे काहीच नाही. सीओएच्या पट्ट्याच्या बरंच खाली उत्तर आलं तर आधी पाण्यावर संशय घ्या, मग पावडरीतल्या ओलाव्यावर, आणि त्यानंतर पुरवठादारावर.

दुसरी गोष्ट म्हणजे तरंगवून धरायची ताकद. कार्बोमर वापरायचं खरं कारण बहुधा हेच असतं, घट्टपणा बाकीचे गमही देतात. पारदर्शक बरणीत जेलच्या मध्यावर चार-पाच मोहरीचे दाणे सोडा आणि बाहेर रेघ ओढा. २४ तासांनी दाणे रेघेवरच हवेत. हवेचे बारीक बुडबुडे जागच्या जागी अडकलेले दिसले तर तेही याच ताकदीचं लक्षण आहे.

तिसरी, त्वचेवरची वागणूक. त्वचेवरच्या घामातल्या मिठाने जेल लगेच सैल होतं आणि ‘पाणी सुटल्यासारखं’ गार वाटतं. हा दोष नाही, याच गुणासाठी ते विकत घेतात. दोष आहे तो वळ्या निघणं, म्हणजे चोळल्यावर मळासारखे रोल येणं. त्यासाठी जेल वाळू द्या, वर तुमचा गिऱ्हाईक लावतो तसं सनस्क्रीन लावा आणि मग बोट फिरवा. वळ्या आल्या तर कार्बोमर ०.५ वरून ०.२ ते ०.३ टक्क्यांवर आणा. लोक सुगंध बदलतात, तेल वाढवतात आणि पॉलिमर मात्र तेवढाच ठेवतात.

## टप्पा ६: एकेक घटक घाला आणि नोंद ठेवा

साधं जेल पास झालं की पूर्ण फॉर्म्युला. पण सगळं एकदम नाही. १०० ग्रॅमच्या बरण्यांत एकेका घटकाची स्वतंत्र चाचणी करा.

जेल मोडणारे ओळखीचे लोक: सोडियम पीसीए, सोडियम लॅक्टेट, मॅग्नेशियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट, कोरफडीची पावडर, आणि झिंक पीसीए. झिंकचा भार दुप्पट, त्यामुळे नुकसानही जास्त. नायसिनामाइड-झिंक सीरमची रेसिपी पाहून बनवलेलं जेल बसलं नाही, तर दोष बहुतेक वेळा नायसिनामाइडचा नसतो. ते भाररहित आहे, ग्लिसरीनसारखं निरुपद्रवी. धन भाराचे घटक, जसे पॉलिक्वाटर्नियम, केसांच्या कंडिशनरमधले क्वाट किंवा क्लोरहेक्सिडिन, जेल नुसतं पातळ करत नाहीत तर कार्बोमरला बांधून गाळासारखं खाली बसवतात. क्लोरहेक्सिडिनच्या बाबतीत त्याची जंतुनाशक ताकदही जाते.

मग टिकाऊपणा. एक बरणी खोलीत, एक ४० अंशांवर, एक फ्रीजमध्ये, आणि एक खिडकीत उन्हाला. उन्हातल्या बरणीशेजारी दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. उघडी पातळ झाली आणि गुंडाळलेली टिकली, तर दोष प्रकाशाचा आहे. अतिनील किरण आणि लोखंडासारख्या धातूंचे अंश मिळून साखळ्या तोडतात. ०.०५ ते ०.१ टक्के डायसोडियम ईडीटीए (धातू बांधून ठेवणारा घटक) आणि अपारदर्शक बाटली हा त्यावरचा इलाज. ईडीटीए हाही क्षार आहे, म्हणून घातल्यावर घट्टपणा पुन्हा मोजा.

तीन महिने, दर महिन्याला पीएच, घट्टपणा, वास, रंग. पहिल्या आठवड्याच्या फोटोवर समाधान मानू नका.

## टप्पा ७: जंतू

कार्बोमर स्वतः बुरशीचं अन्न फारसं होत नाही. पण जेलमध्ये जवळपास सगळं पाणीच असतं.

इथे दोन वेगळ्या चाचण्यांची गल्लत होते. उत्पादनात आज किती जंतू आहेत, ही एक. आयएसओ १७५१६ नुसार सर्वसाधारण उत्पादनात दर ग्रॅमला १,००० पर्यंत चालतात. डोळ्यांभोवतीच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनात १०० पर्यंत. दुसरी, मुद्दाम जंतू सोडले तर प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतं का. ही चॅलेंज टेस्ट, आयएसओ ११९३०, २८ दिवस चालते. पहिली पास झाली म्हणून दुसरी पास होईल असं नाही. ताज्या बनवलेल्या, कुणीच बोट न घातलेल्या बाटलीत जंतू नसणारच. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करून घ्या, आणि अंतिम पीएच, अंतिम बाटली, अंतिम सुगंध यांच्यासकट.

## टप्पा ८: त्वचा सगळ्यात शेवटी

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे. त्वचेच्या जळजळीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावरची चाचणी आहे, ओईसीडी ४३९. माणसांवरच्या पॅच टेस्टसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस ४०११ हे मानक आहे. विक्रीच्या उत्पादनासाठी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नैतिक समितीच्या परवानगीने व्हावी. मैत्रिणींना डब्या वाटून ‘कसं वाटलं सांग’ म्हणणं म्हणजे चाचणी नाही.

स्वतःसाठी बनवत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या चौकोनात दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावा. एक दिवस लावून पास करू नका. अॅलर्जी बरेचदा उशिरा उठते. पुरळ, सूज किंवा सतत खाज आली तर थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सोबत घटकांची यादी न्या.

धोका: उदासीन न केलेलं कार्बोमरचं पाणी त्वचेवर लावून पाहू नका. त्याचा पीएच ३ असतो. जळजळ होईल ती आम्लाची, आणि नाव पॉलिमरचं खराब होईल.

प्रतिक्रिया आलीच तर संशय याच क्रमाने घ्या: सुगंध आणि इसेन्शियल ऑइल, प्रिझर्व्हेटिव्ह, पीएच, वनस्पतींचे अर्क, आणि त्यानंतर कार्बोमर. खात्री करायची तर त्याच जागेच्या शेजारी टप्पा ४ चं साधं जेल लावा. ते मात्र पीएच ६ च्या आसपासचं आणि त्या दोन दिवसांत बनवलेलं हवं, कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

## फाइलमध्ये काय राहिलं पाहिजे

बॅचचा सीओए, टप्पा २ चा हिशेब, साध्या जेलचे आकडे, घटकवार बरण्यांच्या नोंदी, तीन महिन्यांचा तक्ता, चॅलेंज टेस्टचा आणि त्वचेच्या चाचणीचा अहवाल. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात, आणि कार्बोमर बहुतेक वेळा तिथेच असतो.

माल युरोपात पाठवायचा असेल तर आणखी एक कागद लागेल. युरोपीय संघाचा सूक्ष्मप्लास्टिकवरचा नियम, २०२३/२०५५, १७ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. धुवून टाकायच्या उत्पादनांसाठी मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत, अंगावर राहणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२९ पर्यंत. विरघळणारे पॉलिमर त्यातून वगळले आहेत, पण आडवी जोडणी असलेला कार्बोमर खऱ्या अर्थाने विरघळत नाही, फुगतो. त्यामुळे तुमची ग्रेड या नियमात कुठे बसते, याचं लेखी निवेदन उत्पादक कंपनीकडूनच घ्या. अंदाज बांधू नका.

पुरवठादार बदलला किंवा ग्रेड बदलली तर टप्पा १ पासून पुन्हा. अल्कली किंवा प्रिझर्व्हेटिव्ह बदललं तर टप्पा ३ पासून. फक्त सुगंध किंवा बाटली बदलली तर ६ पासून पुढचं. नवीन बॅच, बाकी सगळं तेच असेल तर सीओए पाहा, ५०० ग्रॅमचं साधं जेल बनवा आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहा.